मेहुण्याच्या डोळ्यात जाऊन आलो

आमच्या जत तालुक्यातला माणूस पुण्याला जातो तो एक तर ॲडमिशनसाठी, नाहीतर ऑपरेशनसाठी. मी यातल्या कशासाठीही गेलो नव्हतो. मी माझ्या मेहुण्याच्या डोळ्यात गेलो होतो. नुसतं डोकावून आलो असं नाही, पार मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो. आमच्याकडचं दुसरं कुणी तिथवर पोचल्याचं ऐकिवात नाही, म्हणून हा वृत्तांत.

मी जत्रांमधल्या कुस्त्यांचं निवेदन करतो. दोन पैलवान नुसते एकमेकांची मनगटं धरून उभे राहिले तरी माझ्या माईकवर लोकांना ती हिंदकेसरीची लढत वाटते. बायको म्हणते, यांच्या पोटात भाकरी कमी आणि शब्द जास्त. तिचा धाकटा भाऊ संपत माझ्या अगदी उलट. विचारलं तर बोलणार, तेही अर्धं. या हकिकतीच्या वेळी तो आमच्या भागातल्या एका शाळेची पिवळी बस चालवत होता.

साखर कारखान्यावरच्या नेत्रशिबिरात त्याच्या डोळ्याचा फोटो काढला आणि तिथल्या डॉक्टरांनी तो पुन्हा एकदा काढून बघितला. मग म्हणाले, "संपतराव, दोन्ही डोळ्यांत दोन गोष्टी दिसतायत. बुबुळावरची काच गोल हवी, ती तुमची टोकदार आहे. तेवढंच असलं तर वर एक कडक भिंग बसवू आणि तुम्ही आणखी वीस वर्षं गाडी चालवा. पण मागच्या पडद्यावर मधोमध डाग असल्यासारखा वाटतोय. तो खरोखर पडद्यावर आहे, की टोकदार काचेतून फोटो काढल्यामुळे तसा दिसतोय, ते मला इथून सांगता येत नाही. पडद्यावर असला तर चावी खाली ठेवायची. त्यावर भिंग नाही, चष्मा नाही, काही नाही."

पुण्यात एक बाई आहेत, त्या डोळ्याच्या काचेचा दोष हिशेबानं वजा करून आतला फोटो काढतात, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. बायकोनं मला संपतबरोबर पाठवलं. कारण उघड होतं. तिथं कुणीतरी बोलणारं हवं होतं.

मांजरी

उतरलो संपतच्या मावसभावाकडे, मांजरीला. दत्ता नाव. मी पूर्वी आलो होतो तेव्हा त्याच्या ओट्यावर बसलं की चहूकडे ऊसच दिसायचा. आता ऊस आहे, पण तो इमारतींच्या मध्ये कोंडल्यासारखा उभा आहे. दहाव्या मजल्यावरून कुणीतरी दोरीवर पडदे वाळत घालतंय आणि खाली दत्ताचं पाणी पाटानं चाललंय, असा देखावा.

"ह्या फ्लॅटवाल्यांना ऊस बघायला आवडतो," दत्ता म्हणाला, "पर पाचट पेटवलं की लगीच फोन. म्हणत्यात, काका, बाल्कनीत काजळी येतीय. आरं बाबा, तुझी बाल्कनीच माझ्या शेतात आली, त्याचं काय."

त्याच्या बायकोनं जेवायला वाढलं. बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. आमच्याकडे ज्वारी. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला बाजरीची भाकरी पहिले चार घास परकी लागते आणि पाचव्या घासाला पाहुणी. संपतला चटणीची वाटी पुढे केली तर त्याचा हात वाटीशेजारी ताटात पडला. आम्ही हसलो. प्रवासानं माणूस पेंगुळतो.

कोथरूडच्या पलीकडे

मांजरीहून कोथरूडला जाणं म्हणजे पुणं या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवत जाणं. हडपसरला बस बदलली. बाकीचं सांगण्यासारखं नाही, उभ्यानं गेलो.

कोथरूडच्या पुढच्या थांब्यावर उतरलो आणि संस्था काही सापडेना. एक आजोबा पिशवीत पालेभाजी घेऊन चालले होते. त्यांना विचारलं.

"कुठून आलात आपण?"

"जतहून."

"म्हणजे बरंच लांबून. मग एवढे आलात तर मान वर करून समोरची पाटीही वाचा."

आम्ही संस्थेच्या पाटीखालीच उभे होतो. पाटी एवढी मोठी की तिच्या सावलीत आम्ही दोघे मावलो होतो. मी खजील झालो. संपत पाटीकडे बघत राहिला, मान जराशी डावीकडे करून, कोंबडा दाण्याकडे बघतो तसा. मग म्हणाला, "हां, हाय की."

चिठ्ठीतल्या बाई म्हणजे दामले मॅडम, चाळिशीच्या. खादीचा कुडता, पायात सपाता, टेबलावर चहाचा थर्मास. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आमचा पोरगा तुमच्या पदरात घातला."

"मी डॉक्टर आहे, पण औषधाची नाही," त्या म्हणाल्या. "मी भौतिकशास्त्रवाली. माझ्याकडे गोळी मागू नका. आणि हे चाळिशीचे गृहस्थ पदरात मावणार नाहीत."

मला बाई एकदम आवडल्या.

खोली अंधारी. मधे लांबलचक टेबल, त्यावर आरसे, भिंगं, तारा, जणू एखाद्या बँडवाल्याचं सामान पसरलंय. संपतच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले. मग त्याला एक मऊ गोळा चावायला दिला. त्यात दातांचा ठसा उमटला, तो ठसा यंत्राला जोडला आणि तोच दातात धरून बसायचं, म्हणजे डोकं हलणार नाही. ठशाकडे बघून मॅडम म्हणाल्या, "तंबाखू सोडा. हे सांगायला मात्र औषधाची डॉक्टर लागत नाही."

मी विचारलं, "काच त्याची वाकडी आणि फोटो सरळ, हे कसं होतं?"

"आम्ही त्यांच्या डोळ्यात उजेडाचा एक बारीक ठिपका सोडतो. तो पडद्यावर पडून परत येताना वाकड्या काचेतून येतो आणि फिसकटतो. कसा फिसकटला ते मोजायचं. त्यावरून काच कुठं किती वाकडी आहे ते संगणक शोधतो. मग पडद्याचा फोटो काढायचा आणि त्यातून तेवढाच वाकडेपणा उलटा लावून काढून टाकायचा."

"म्हणजे चुरगळलेल्या धोतराला इस्त्री."

"धोतराला इस्त्री मी कधी केलेली नाही," त्या म्हणाल्या. "पण चालेल. फक्त इथं प्रत्येक चुणी आधी मोजावी लागते."

संपतला त्यांनी सांगितलं, "आत एक हिरवी फुली दिसेल. तिच्याकडे बघत राहायचं. दुसरीकडे बघायचं नाही. फुलीकडे डोळा लागला की पडद्याचा मध्य आपोआप कॅमेऱ्यासमोर येतो. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे."

दातात ठसा धरलेल्या संपतनं घशातून होकार दिला.

पहिला फोटो पडद्यावर आला तेव्हा मला वाटलं, यंत्र बिघडलं. राखाडी गिचमीड. हिवाळ्यात पहाटे तलावावर धुकं असतं तसं. त्या धुक्यातच तो डॉक्टरांनी पाहिलेला डाग असणार. मग हिशेब सुरू झाला. धुकं एका कडेनं सरकू लागलं आणि मागून दाणे निघाले. एकाला एक लागून, चमकदार, रांगेत. माझ्या तोंडून निघून गेलं, "जोंधळ्याचं कणीस." खरोखर तसंच. टच्च भरलेलं, एक दाणा हललेला नाही असं कणीस. मॅडम म्हणाल्या, तो एकेक दाणा म्हणजे उजेड टिपणारी एकेक पेशी.

म्हणजे माणूस जिवंत असताना, त्याच्याच डोळ्याच्या काचेतून आत जाऊन, त्या काचेचा खोटेपणा बाजूला सारून, त्याची नजर दाण्या-दाण्यानं बघता येते. मी आयुष्यात इतक्या वेळा "अभूतपूर्व" हा शब्द माईकवर ओरडलोय की त्याची साल निघालीय. त्या खोलीत तो खरा लागू पडत होता आणि मला तो उच्चारता आला नाही.

"भरलेलं आहे," मी संपतला सांगितलं. "मधोमध भरलेलं आहे गड्या."

मॅडम म्हणाल्या, "चित्र छान आलंय. पण मी अजून काही बोललेली नाही. उद्या या."

मी मनात ढोल वाजवायला सुरुवात केली होती. जवळच्या एका उपाहारगृहात मटार उसळ आणि पावाचे स्लाइस खाल्ले. उसळीत गूळ होता, तो मी पुण्याला माफ केला. संपत काळा चष्मा लावून बसला होता. त्यानं दोन प्लेटी खाल्ल्या आणि पहिल्यांदाच आपणहून बोलला. "कडक भिंग बसवायचं म्हणजे खुपतं का हो, दाजी?"

पुन्हा मांजरी

संध्याकाळी दत्तानं मटण आणलं. ओट्यावर बैठक जमली आणि मी दिवसभराची कुस्ती सगळ्या डावांसकट सांगितली. संपतच्या दातांचा ठसा, मॅडमचे टोमणे, धुकं, कणीस. दत्ताची बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

त्या हसण्यातच दत्तानं विचारलं, "मग इतकी वर्सं डोळं तपासणीत पास कसा हुईत हुता रं तू?"

संपत खुशीत होता. दोन घासांच्या मध्ये त्यानं सांगून टाकलं. "तक्ता पाठ हाय. सगळ्या डायवर लोकांचा असतो. जुना डायवर नव्याला शिकवतो, पोरं पाढं शिकत्यात तसं. पर तपासणीवाला मधलंच एखादं अक्षर विचारतो ना, तेव्हा युक्ती लागती."

"कसली?"

"सरळ बघायचं नाही. सरळ बघितलं की अक्षर पळून जातं. जरा बाजूला बघायचं, म्हंजे ते आपलं गुमान कडंला येऊन उभं ऱ्हातं. मग वाचायचं. कुणाला कळत बी न्हाई."

सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. माझा आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत आला आणि तो परत येईपर्यंत माझ्या लक्षात आलं.

"संपत," मी म्हणालो, "आज त्या हिरव्या फुलीकडे कसं बघितलंस?"

तो भाकरी मोडत होता. "जसं सगळीकडं बघतो तसं."

मग त्यानं भाकरी खाली ठेवली.

दत्ता आणि त्याची बायको हसत होते ते हळूहळू थांबले. मॅडमच्या यंत्रानं डोकं दातांनी जखडून ठेवलं होतं, पण बुबूळ कोण धरणार? त्यांनी काचेची प्रत्येक चुणी मोजली होती. माणूस फुलीकडे बघ म्हटल्यावर फुलीकडे बघतो, एवढं त्यांनी न मोजता धरलं होतं. आम्ही बघितलं ते कणीस मधलं नव्हतंच. बांधावरचं होतं.

हात धुवायला म्हणून आम्ही उसाच्या कडेला गेलो. मी म्हणालो, "मॅडमना सांगायला पाहिजे."

"कशाला? फोटो चांगला आलाय."

"कुठला फोटो चांगला आलाय, संपत?"

त्यानं ओले हात सदऱ्याला पुसले. मग म्हणाला, "दाजी, रस्ता दिसतो मला. वळण दिसतं, समोरची गाडी दिसती. इतकी वर्सं कुणाला ओरखडा आला का?"

माझी धाकटी रेवती त्याच बसनं शाळेत जाते. हे त्याला सांगायची गरज नव्हती. त्याचा स्वतःचा पोरगाही त्याच बसमध्ये असतो.

"पोरगं दहावी होऊ द्या," तो म्हणाला. "मग मीच सोडतो. आईची आण. तवर काय बोलू नका."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. मनाशी मात्र पक्कं केलं की सकाळी मॅडमपुढे बोलायचं. बोलणं हाच तर माझा धंदा.

अंधारी खोली

सकाळी आम्ही लवकरच पोचलो. मॅडमच्या टेबलावर दोन-तीन कप उष्टे पडले होते. त्यांचे डोळे लाल होते.

"बसा," त्या म्हणाल्या. "मला आपली माफी मागायची आहे. काल मी हे चित्र काढलं, त्यात काहीतरी चुकलंय. या पेशी मधल्या भागात असायला पाहिजेत त्यापेक्षा मोठ्या दिसतायत, आणि त्यांच्या मधे बारीक दाणे दिसतायत, ते मध्यावर नसतात. दोष पडद्यात नाही. माझा हिशेब काचेचा वाकडेपणा जास्तच काढून टाकतोय असं दिसतंय. मी सगळं पुन्हा मांडून बघतेय. अजून सापडलं नाही. आपल्याला उगाच एवढ्या लांबून आणलं."

आता बोलायची माझी वेळ होती. मी घसा साफ केला. हजारांच्या फडावर कधी न अडखळलेली जीभ टाळूला चिकटून बसली. मी थर्मासकडे बघत राहिलो.

मॅडम संगणकाकडे वळल्या. "याच पद्धतीनं आधीही बऱ्याच जणांचे फोटो काढलेत. तेही आता तपासायला लागणार."

"मॅडम," संपत म्हणाला, "हिशेब बरोबर हाय तुमचा."

त्या संगणकावरून मागे वळल्या.

"मी फुलीकडं बघत नव्हतो. शेजारी बघत हुतो. तसं बघितल्याबिगर मला फुली दिसतच न्हाई."

बाई टोमणा मारतील असं मला वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसल्या. "किती बाजूला?" त्यांनी विचारलं. "मला बोटानं दाखवाल?"

त्यानं हात लांब करून बोट धरलं आणि मग नजर जिथं ठेवतो तिथं दुसरं बोट. दोन बोटांमध्ये चार बोटं मावतील एवढं अंतर. मॅडमनी ते पट्टीनं मोजलं. पुन्हा थेंब, पुन्हा दातात तोच ठसा. या वेळी त्यांनी फुली हलवली. तेवढंच अंतर उलट्या बाजूला. म्हणजे तो त्याच्या सवयीनं चुकीचं बघणार आणि त्या चुकीमुळेच पडद्याचा खरा मध्य कॅमेऱ्यासमोर येणार. त्याचा वाकडेपणाही त्यांनी हिशेबात धरला.

पुन्हा तेच धुकं. पुन्हा ते एका कडेनं सरकू लागलं. कडेला दाणे निघाले, थोडे. मग विरळ. मग मधे काही निघेना. मी वाट बघत राहिलो. यंत्र अजून काम करतंय असं मला वाटत होतं.

"झालंय," मॅडम म्हणाल्या.

राखणीला कुणी नसलं की पाखरांचा थवा कणसावर उतरतो आणि नुसती मोकळी बोंडं शिल्लक राहतात. तसं होतं ते. स्वच्छ, अगदी स्पष्ट. इतकं स्पष्ट की एकेक रिकामी जागा मोजता आली असती.

"मला दावा," संपत म्हणाला. त्यानं दातातला ठसा काढला, उठून पडद्यापुढे आला आणि चित्राकडे बघितलं. त्याला ते दिसेना. मग त्यानं मान डावीकडे वळवली, तेव्हा दिसलं.

त्यानं चित्राच्या मधोमध बोट ठेवलं. "ही मधली काळी जागा म्हंजे मी सरळ बघतो ती?"

"हो."

"भिंग बसवलं तर?"

"कडेचं जास्त स्वच्छ दिसेल. ते जरूर बसवून घ्या. मधलं परत येत नाही. वाढण्याची शक्यता आहे."

"कवापासनं झालं आसंल हे?"

"चित्रावरून तारीख कळत नाही," मॅडम म्हणाल्या. मग थर्मास उघडत, "पण हे एका वर्षात होत नाही."

त्यांनी थर्मासमधला चहा कपात ओतला आणि कप थेट त्याच्या हातात दिला, टेबलावर ठेवला नाही. संपतनं उभ्यानंच चहा घेतला. कप रिकामा करून शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. "सर, उद्यापासनं गाडीला दुसरा माणूस बघा. नाही, ताप नाही. दिसत नाही मला." पलीकडून काहीतरी बराच वेळ विचारलं जात होतं. तो नुसता "हो" म्हणत होता.

निघताना मॅडम दारापर्यंत आल्या. मला म्हणाल्या, "काल आपण बरंच बोलत होतात."

मी हात जोडले.

परतताना

स्वारगेटहून गाडी पकडली. संपतला खिडकी दिली. सातारा मागे पडेपर्यंत तो झोपला असेल असं मला वाटत होतं, पण काळ्या चष्म्याआड त्याचे डोळे उघडे होते.

"दाजी," तो म्हणाला, "लोक लई शिव्या द्यायची मला. सायकलवाली, म्हातारी माणसं. एकदम रस्त्यात उगवायची आन् उडी मारून बाजूला व्हायची. मला वाटायचं, ह्यास्नी शिस्त न्हाई. घरी येऊन बायकोला सांगायचो, लोकं आंधळी झाल्याती म्हणून."

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही.

मिरजेच्या अलीकडे त्यानं चष्मा काढला. बाहेर ऊन कलत होतं.

"गेल्या हंगामात ओढ्याच्या पुलावर गाडीला कायतरी लागलं हुतं. धप्पदिशी. मी थांबलो न्हाई, पोरांचा उशीर झालता. मागनं कुणीतरी म्हणालं, कुत्रं हुतं, मामा, कुत्रं." तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे माझ्या कानाच्या पलीकडे कुठंतरी. "तवा पुलाखाली ऊसतोडीच्या पालांची वस्ती हुती. रेवती पुढल्या बाकड्यावर बसती. तिनं बघितलं आसंल. इचारा तिला."

"कुत्रंच होतं," मी म्हणालो. फडावर निकाल जाहीर करतो त्या आवाजात.

"इचारा तरी."

आता आम्हाला परत येऊन बरेच दिवस झाले. पिवळी बस दुसरा माणूस चालवतो. संपत रोज संध्याकाळी आमच्याकडे येतो, ओट्यावर बसतो आणि रेवतीला हाक मारतो. ती त्याच्याजवळ जाऊन शाळेतलं काहीबाही सांगते. तो तिचं ऐकतो आणि मधूनच मान वळवून माझ्याकडे बघतो.

मी तिला अजून विचारलेलं नाही.